ठिणगीचा हिशेब

पेट्रोल पंपावर एक पाटी हमखास असते: 'मोबाईल बंद ठेवा'. आणि त्याच पाटीखाली उभं राहून आपण सगळे मोबाईलवरून क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतो. काही होत नाही. त्यामुळे त्या पाटीकडे आता कोणी गांभीर्याने बघत नाही.

पाटी खोटी आहे का? मोबाईलमुळे पंप पेटल्याच्या गोष्टी फॉरवर्ड्समध्ये भरपूर फिरतात. पण अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पेट्रोल भरताना लागलेल्या आगींची माहिती गोळा केली, तेव्हा दोषी निघाली ती आपल्या अंगावरची स्टॅटिक वीज. थंडीत स्वेटर काढताना चट्‌चट्‌ वाजते तीच. तिकडे लोक स्वतःच पेट्रोल भरतात. नोझल टाकीत अडकवून माणूस पुन्हा गाडीत जाऊन बसतो, सीटला कपडे घासतात, बाहेर येऊन तो नोझलला हात लावतो आणि ठिणगी उडते.

मग पाटी कशासाठी? कारण आपला फोन तयार करताना 'ठिणगी पडलीच तर?' हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तेलविहिरीवर किंवा रिफायनरीत नेण्यासाठी वेगळे फोन मिळतात, जाड, बोजड आणि बरेच महाग. त्यांच्या बाबतीत तो प्रश्न विचारलेला असतो, तपासलेला असतो आणि त्याचं प्रमाणपत्र असतं. तेल आणि वायूच्या उद्योगातली विजेची सगळी सुरक्षितता या 'पडलीच तर'वर उभी आहे. पण हे शहाणपण तेलातून आलेलं नाही. ते कोळशाच्या खाणीतून आलं आणि त्याची किंमत खाणकामगारांनी मोजली.

एक ग्रॅम, तीन सेंटिमीटर

आग लागायला इंधन, हवा आणि ठिणगी लागते हे शाळेत शिकवतात. तेलविहिरीवर इंधन काढून टाकता येत नाही, त्याच्यासाठीच तर तिथे गेलेलो असतो. हवाही काढता येत नाही, माणसं काम करत असतात. उरते ठिणगी.

ठिणगी केवढी पुरते? मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान मिसळलेला असेल तर तो पेटू शकतो. त्यातल्या सगळ्यात नाजूक मिश्रणाला पेटवायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा लागते. एक ग्रॅमची वस्तू टेबलावरून तीन सेंटिमीटर वर उचलायला जेवढी लागते, जवळपास तेवढीच. हायड्रोजनला तर याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पुरते. आपल्या खिशातल्या फोनच्या ५००० एमएएचच्या बॅटरीत याच्या वीस कोटी पटींहून जास्त ऊर्जा भरलेली असते. ती एकदम बाहेर पडत नाही एवढंच.

म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारी, हाताला जाणवणारही नाही अशी ठिणगी पुरते. ही गोष्ट माणसाला कळायला फार उशीर झाला.

सेंगहेनिदची घंटा

सुरुवात उघड्या ज्योतीपासून झाली. २५ मे १८१२ रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं मेली. तेव्हा खाणीत उजेडाला उघडी ज्योत वापरत. या स्फोटानंतर हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये आपला सुरक्षादीप तयार केला. ज्योतीभोवती बारीक धातूची जाळी. वायू जाळीतून आत येतो, आत पेटतोही, पण ज्योत जाळीतून बाहेर यायला लागली की धातू तिची उष्णता ओढून घेतो आणि ती विझते. डेव्हीने त्याचं पेटंट घेतलं नाही. दिवा आला म्हणून मालकांनी मात्र आधी धोक्याचे म्हणून सोडलेले थर पुन्हा खोदायला काढले. सुरक्षितता वाढली की माणूस तेवढाच धोका वाढवून घेतो, ही खोडही तितकीच जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीत वीज आली. पंप, दिवे, आणि निरोपाची घंटा. कोळशाच्या गाड्या दोरखंडाने ओढणारं यंत्र लांब एका टोकाला असे. त्याच्या चालकाला 'थांब', 'ओढ' असं सांगायला बोगद्याच्या कडेने दोन उघड्या तारा नेलेल्या असत. कुठेही उभं राहून त्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या, की पलीकडे घंटा वाजे. वीज पुरवायला काही छोटे सेल. या तारांना हात लागला तरी झटका बसत नसे. इतकी कमी वीज काय करणार, असं सगळ्यांना वाटे.

१४ ऑक्टोबर १९१३, सकाळी आठच्या सुमारास, दक्षिण वेल्समधल्या सेंगहेनिद गावच्या युनिव्हर्सल कोलिअरीत स्फोट झाला. ४३९ कामगार गेले आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक जण गेला. ब्रिटनच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी खाण दुर्घटना. याच खाणीत १९०१ मध्ये ८१ माणसं मेली होती. म्हणजे गावातल्या काही घरांनी बारा वर्षांत दुसऱ्यांदा माणूस गमावला.

चौकशीत ज्या कारणांकडे बोट गेलं त्यांत ठळक होती ती घंटेच्या तारांवरची ठिणगी. इशारा आधी मिळालेला होता. आदल्याच वर्षी वेल्समधल्या बेडवास खाणीतल्या स्फोटानंतर घंटांच्या ठिणग्यांवर बोट ठेवलं गेलं होतं. त्याशिवाय आणीबाणीत खाणीतल्या हवेचा झोत उलटा फिरवता येईल अशी सोय करणं कायद्याने बंधनकारक झालं होतं. युनिव्हर्सलला त्यासाठी सप्टेंबर १९१३ अखेरपर्यंत मुदत वाढवून मिळाली होती. मुदत संपली, काम झालं नव्हतं, आणि पंधरवड्यात स्फोट झाला.

शेवटी व्यवस्थापकाला २४ पौंड दंड झाला, कंपनीला १० पौंड. भागाकार केला तर माणशी साधारण दीड शिलिंग.

पण एवढ्याशा सेलवर चालणारी घंटा वायू पेटवू शकते हे पटणार कसं? उत्तर घंटेच्या आत होतं. घंटा वाजवायला विद्युतचुंबक लागतो, म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं. त्यातून प्रवाह वाहत असताना चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. तारा एकमेकींपासून सुटल्या की प्रवाह तुटतो आणि ती साठलेली ऊर्जा सुटणाऱ्या टोकांमधल्या फटीत ठिणगी होऊन बाहेर पडते. तारा जोडताना फारसं काही होत नाही, धोका सोडताना असतो. आणि तो सेलच्या व्होल्टेजवर ठरत नाही, वेटोळ्यात काय साठलं यावर ठरतो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी हे सूत्र पाठ केलं आहे. अर्धा एल आय वर्ग. दोन मार्कांचा प्रश्न. एल म्हणजे वेटोळ्याचं इंडक्टन्स, आय म्हणजे प्रवाह. वहीत त्याच्या शेजारी कुठे 'सेंगहेनिद' असं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर ते मार्कांपेक्षा जास्त दिवस लक्षात राहिलं असतं.

दोन उत्तरं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं निघाली. आजच्या कुठल्याही तेलविहिरीवर, वायूच्या प्रकल्पात ही दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

पहिलं उत्तर जर्मनीतलं. गेल्सेनकिर्शेनच्या प्रायोगिक खाणीत कार्ल बाइलिंग या अभियंत्याने मोटरी आणि स्विच लोखंडी पेट्यांत घालून, पेट्यांत मुद्दाम स्फोटक वायू भरून पेटवून पाहिला. आपल्याला सहज सुचेल तो उपाय म्हणजे पेटी इतकी घट्ट बंद करायची की वायू आत शिरणारच नाही. पण मोटरचा दांडा फिरत असतो, पेटी तापते, निवते, श्वास घेतल्यासारखी हवा आत-बाहेर करते. वायू आज ना उद्या शिरणारच. मग शिरू दे. आत ठिणगी पडू दे, स्फोटही होऊ दे. पेटी तो दाब सोसेल एवढी जाड करायची, आणि झाकण व पेटी जिथे भेटतात तिथे रुंद, सपाट, अरुंद फटीची कड ठेवायची. पेटलेला वायू त्या फटीतून बाहेर येईपर्यंत धातू त्याला इतका थंड करतो की बाहेरचा वायू पेटत नाही. डेव्हीच्या जाळीचंच हे जाडजूड भावंड. याला कारखान्यात 'फ्लेमप्रूफ' म्हणतात.

कुठल्या वायूला किती फट चालेल हेही मोजलं गेलं. प्रयोगात मिथेनची ज्वाला १.१४ मिलिमीटरच्या फटीपर्यंत अडते, हायड्रोजनची ०.२९ मिलिमीटरपर्यंतच. म्हणून मिथेनसाठी पास झालेली पेटी हायड्रोजनजवळ लावता येत नाही. आणि म्हणूनच या पेट्यांचा एक बोल्ट हरवला, कडेवर ओरखडा पडला, तर बाहेरून तसाच दिसणारा तो डबा नुसता जड डबा उरतो.

दुसरं उत्तर सेंगहेनिदनंतरच्या ब्रिटनमधलं. न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग कॉलेजातले डब्ल्यू. एम. थॉर्नटन आणि खाणींतल्या स्फोटांवर संशोधन करणारे आर. व्ही. व्हीलर यांनी घंटांच्या ठिणग्यांचा अभ्यास केला. त्यातून निघालेला उपाय फारच साधा होता. घंटेच्या वेटोळ्याला समांतर एक रोध जोडा, म्हणजे प्रवाह तुटताना साठलेली ऊर्जा फटीत न जाता रोधात जिरेल. ठिणगी पडेल, पण तिच्यात वायू पेटवायची ताकद नसेल. पेटी नको, जाळी नको, सर्किटच निरुपद्रवी. याला 'इन्ट्रिन्सिकली सेफ' म्हणतात, म्हणजे अंगभूत सुरक्षित.

मला सगळ्यात जास्त भावतो तो या पद्धतीचा पुढे पक्का झालेला नियम. अशा उपकरणांच्या प्रती ठरवलेल्या आहेत. 'आयसी' म्हणजे नेहमीच्या वापरात सुरक्षित. 'आयबी' म्हणजे एक बिघाड झाला तरी सुरक्षित. 'आयए' म्हणजे एकाच वेळी दोन बिघाड झाले तरी सुरक्षित. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बहुतेक वेळा 'सगळं नीट चाललं तर' असा कोड आधी लिहितो आणि बिघाडांचं नंतर बघतो. काही अडलं तर जुनी आवृत्ती परत चढवतो. इथे बिघाड आधी मोजतात, कारण परत चढवायला जुनी आवृत्ती नसते.

नकाशावरची रेघ

खाणीतून ही विद्या तेलाकडे गेली ती आणखी एका कल्पनेसह. सगळीकडे जाड पेट्या लावणं परवडत नाही, म्हणून प्रकल्पाच्या नकाशावर झोन आखायचे. जिथे वायू सतत किंवा बराच काळ असतो, उदाहरणार्थ टाकीच्या आत, तो झोन ०. जिथे नेहमीच्या कामात वायू येण्याची शक्यता असते तो झोन १. जिथे तो सहसा येणार नाही, आला तर थोडा वेळ, तो झोन २. झोन ० मध्ये 'आयए', पुढे त्या त्या झोनला साजेसं उपकरण. रेघेच्या बाहेर घरातल्यासारखा साधा स्विच.

भारतात पेट्रोलियमच्या जागी लावायच्या अशा विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. आणि मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ला तेल सापडलं त्या मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर तर या पेट्यांच्या रांगाच असतात. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं, १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. अशा पाळीत काम केलेली मराठी माणसं आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात असतील.

त्याच मुंबई हायवर २७ जुलै २००५ रोजी, मुंबई पुरात बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, 'समुद्र सुरक्षा' नावाचं जहाज बोट कापलेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोचवायला जवळ आलं आणि वायू वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपवर आदळलं. वायू सुटला, पेटला. २२ माणसं गेली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. एवढा वायू सुटल्यावर तो ठिणगी शोधतोच. पेट्या छोट्या गळतीपासून वाचवतात. मोठी गळती होऊ न देणं हे पेटीच्या हातात नसतं, माणसांच्या हातात असतं.

दोन परमिट

हे सगळ्यात भीषणपणे दिसलं ते ६ जुलै १९८८ रोजी, स्कॉटलंडच्या ॲबर्डीनपासून सुमारे १९० किलोमीटरवर, पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर.

तिथे वायूपासून निघणारं द्रवरूप इंधन पुढे ढकलायला दोन पंप होते, ए आणि बी. त्या दिवशी 'ए' मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करून त्याच्या मोटरचा वीजपुरवठा तोडला होता. त्याच वेळी 'ए'चा दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढून नेला होता आणि त्या जागी पाइपच्या तोंडाला एक धातूची चकती लावली होती, पूर्ण न आवळलेली. संध्याकाळी सहाला पाळी संपली तेव्हा व्हॉल्व्ह परत बसला नव्हता.

दोन कामांची दोन परमिटं होती, आणि ती एकमेकांना जोडलेली नव्हती. पंपाचं कंट्रोल रूममध्ये, अर्धवट राहिलेल्या व्हॉल्व्हच्या कामाचं सेफ्टी ऑफिसात.

रात्री पावणेदहाच्या सुमारास 'बी' बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. पंप लवकर चालू झाला नाही तर वायू थांबणार, आणि प्लॅटफॉर्मची वीज याच वायूवर चालणाऱ्या जनरेटरमधून येत होती. 'ए'चं परमिट पाहिलं. दुरुस्ती अजून सुरूच झालेली नव्हती. मग अडचण काय? त्याच्या मोटरला वीज परत जोडून पंप चालू करायचं ठरलं. व्हॉल्व्हची जागा पंपाच्या वर, सहज न दिसणारी. दहाच्या सुमारास चकतीच्या कडेतून वायू सुटला आणि स्फोट झाला.

प्लॅटफॉर्मवर २२६ माणसं होती. वाचली ६१. वाचवायला आलेल्यांपैकी दोघे धरून १६७ जण गेले. पाण्यात पाणबुडे काम करतात, ते पाण्यासोबत आत ओढले जाऊ नयेत म्हणून आगीच्या पाण्याचे पंप आपोआप सुरू होण्याऐवजी हाताने सुरू करायच्या स्थितीत ठेवले होते. स्फोटानंतर तिथपर्यंत कोणाला पोचता आलं नाही. एका सुरक्षिततेने दुसरी बंद करून ठेवली होती. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म पायपरला जोडलेल्या पाइपांत तेल ढकलत राहिले. बरेच जण राहण्याच्या खोल्यांत, न येऊ शकणाऱ्या हेलिकॉप्टरची वाट पाहत धुराने गुदमरले.

लॉर्ड कलन यांच्या १९९० च्या अहवालात १०६ शिफारशी होत्या आणि त्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या. त्यात परमिटच्या पद्धतीवर खूप लिहिलेलं आहे. आमच्या कामात एकाच गोष्टीची माहिती दोन जागी ठेवली की कधी ना कधी त्या दोन जागा वेगवेगळं बोलतात, आणि मग ग्राहकाला चुकीचं बिल जातं. पायपरवरही माहिती दोन जागी होती. तिथे विजेचं बटण तांत्रिकदृष्ट्या बरोबर दाबलं गेलं. मोटर धडधाकट होती. बटण दाबणाऱ्याला जी गोष्ट माहीत असायला हवी होती ती दुसऱ्या खोलीत होती.

सव्वा तास

नकाशावरच्या रेघेची मर्यादा आपल्याच देशात दिसली. २९ ऑक्टोबर २००९ च्या संध्याकाळी जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या टर्मिनलमध्ये एका टाकीतून पेट्रोल शेजारच्या टर्मिनलला पाठवायची तयारी चालू असताना गळती सुरू झाली. व्हॉल्व्हजवळचा माणूस पेट्रोलच्या वाफेने कोसळला, मदतीला गेलेलेही टिकले नाहीत, आणि गळती बंद करायला कोणी उरलं नाही.

सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिलं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत झोनच्या रेघा ओलांडून आवारभर गेली. मग स्फोट झाला. ११ माणसं गेली. आग ११ दिवस जळत राहिली.

एम. बी. लाल समितीने ठिणगीच्या दोन शक्यता मांडल्या: प्रशासकीय इमारतीतलं फ्लेमप्रूफ नसलेलं एखादं विद्युत उपकरण, किंवा आवारात सुरू केलेली गाडी. त्या इमारतीत साधी उपकरणं असणं नियमाला धरूनच होतं. ऑफिस झोनच्या बाहेर असतं. पण रेघ आखताना गृहीत धरलेली गळती काही मिनिटांची असते, सव्वा तासाची नाही.

२००५ मध्ये इंग्लंडमधल्या बन्सफील्डच्या पेट्रोल डेपोतही असंच झालं होतं. टाकी भरून वाहू लागली, कारण पातळी दाखवणारं मापक अडकलं होतं आणि शेवटचा उपाय म्हणून लावलेला वेगळा स्विच निकामी होता. त्याच्या चाचणीच्या दांड्याला एक साधं कुलूप लागायला हवं होतं, ते लावलेलं नव्हतं. दोन बिघाड एकाच वेळी. चौकशीनुसार स्फोटाची ठिणगी बहुधा आगीच्या पाण्याच्या पंपघरातच पडली. आग विझवायला ठेवलेल्या यंत्राजवळ.

डेव्हीने ज्योतीभोवती जाळी घातली, बाइलिंगने मोटरभोवती पेटी, थॉर्नटन आणि व्हीलर यांनी ठिणगीतली ताकदच काढून घेतली. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी 'हे होणारच नाही' म्हणणं सोडून 'झालंच तर' म्हणायला तयार झालं, आणि तेव्हाच माणसं वाचायला लागली. उपकरणांच्या बाबतीत आपण आता दोन बिघाड धरून चालतो. दमलेली पाळी, दुसऱ्या खोलीत राहिलेला कागद, न लावलेलं कुलूप यांचा हिशेब मात्र अजून 'सगळं नीट चाललं तर' याच पद्धतीने मांडला जातो.

म्हणून मला या उद्योगातली सगळ्यात चांगली वस्तू कुठली वाटते, तर ती महागडी पेटी नाही. मोटर दुरुस्तीला घेताना तिच्या स्विचवर लावतात ते कुलूप. काम करणारा प्रत्येक जण आपलं स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं. चौघांनी काढली तरी पाचव्याचं असेपर्यंत वीज परत जोडता येत नाही. आत अजून कोणी आहे का, हे कोणाच्या आठवणीवर सोडायचं नसतं.